आधी मुंगी, मग वाघ

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. नातवाला वाघ दाखवायचा म्हणून आमचे सगळे घर कात्रजच्या प्राणिसंग्रहालयात गेले होते. नातू दोन वर्षांचा. डबा, पाण्याच्या बाटल्या, टोप्या अशी जय्यत तयारी. वाघाच्या खंदकापाशी पोचलो तेव्हा वाघोबा पलीकडच्या सावलीत पाय पसरून झोपले होते. "तो बघ वाघ! अरे, तिकडे बघ!" आई, बाबा, आजी, मावशी, सगळ्यांची बोटे एकाच दिशेला. नातवाने मात्र माझे बोट सोडले, कठड्यापाशी उकिडवा बसला आणि म्हणाला, "आबा, मुंगी!"

चार-पाच मुंग्या चतुराचा तुटका पंख ओढून नेत होत्या.

"तिकीट काढून मुंगी बघायला आणलंय का याला?" त्याचा बाबा म्हणाला. सगळे हसले, मीही हसलो. घरी आल्यावर मात्र वाटले, चुकले असेल तर आमचेच.

दोन वर्षांच्या मुलाचे जग आपल्या गुडघ्याच्या उंचीवर असते. खंदकापलीकडचा झोपलेला वाघ आणि पुस्तकातला वाघ त्याला सारखेच. मुंगी मात्र त्याच्या नाकासमोर चालते, थांबते, दुसऱ्या मुंगीला भेटते, आपल्याहून मोठे ओझे ओढते. प्राणिसंग्रहालयाला माझा विरोध नाही. पेशवे पार्कात पुणेकर मुलांनी वर्षानुवर्षे वाघ-सिंह पाहिले आणि पुढे ते प्राणिसंग्रहालय कात्रजच्या मोकळ्या जागेत गेले, हे चांगलेच झाले. पण ती वर्षातून एकदा करायची सहल. मुलाची आणि निसर्गाची ओळख व्हायची, तर जवळच्याच एका जागी पुन्हा पुन्हा जायला हवे.

म्हणून आम्ही आजोबा-नातू दर रविवारी सकाळी तळजाईच्या टेकडीवर जाऊ लागलो. वाट तीच, बसायचा दगड तोच. मुलाला एकच गोष्ट दहादा ऐकायची असते, तसेच हे. मार्चमध्ये तांबटाची टुक्‌टुक् ऐकू आली की तो मान वर करून शोधायचा. पक्षी दिसला नाही तरी आवाज ओळखू लागला. मे महिन्यात बहावा पिवळाधमक झाला. पहिल्या पावसानंतर मखमलीसारखा लाल मृगाचा किडा दिसला. लहानपणापासून पाहत आलो, पण त्याला आठ पाय असतात आणि तो कोळ्याच्या नात्यातला, हे मला नातवाबरोबर वाकून बघितल्यावर कळले!

आता थोडे मनाला लागलेले सांगतो. जुलैत आमच्या उंबऱ्यावर एक पैसा आला. काही जण त्याला वाणी म्हणतात, अंगाचे वेटोळे करणारा तो किडा. मी सवयीने चप्पल उचलली आणि त्याला चिरडले. पुढच्या रविवारी टेकडीवर नातवाला तसाच पैसा दिसला. त्याने आधी माझ्या तोंडाकडे पाहिले आणि मग आपला इवलासा पाय वर उचलला. मी तो पाय हवेतच धरला. गवताच्या काडीने किड्याला हळूच स्पर्श केला. त्याने वेटोळे केले आणि नातू खदखदून हसला. मग ते सुटेपर्यंत आम्ही दोघे बसून राहिलो. हा किडा चावत नाही. कुजलेला पाला खातो आणि त्याची माती व्हायला मदत करतो. हे मला ठाऊक होते. तरीही चप्पल उचलली गेलीच.

मूल प्राण्याकडे बघण्याआधी आपल्या चेहऱ्याकडे बघते. आपण "शी, घाण! चावेल!" म्हटले की ते तेच शिकते, आणि ती किळस पुढे जन्मभर सोबत करते. उद्या हेच मूल सोसायटीच्या बैठकीत "पानांचा कचरा होतो, झाड काढून टाका" म्हणून हात वर करणार!

सावधगिरी हवीच. केसाळ सुरवंटाला हात लावू द्यायचा नाही, खाणाऱ्या किंवा पिल्लांजवळच्या कुत्रीपाशी जाऊ द्यायचे नाही, घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे. कुत्रा चावलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे धुऊन लगेच डॉक्टर गाठायचा. पण "हळू, त्याला लागेल" आणि "शी, टाक ते" या दोन वाक्यांत फार अंतर आहे.

मुंबईकर म्हणतील, आमच्याकडे टेकडी कुठे? पण माहीमचे निसर्ग उद्यान एके काळच्या कचऱ्याच्या डेपोवर उभे राहिले आहे. आणि तेही लांब वाटले, तर गल्लीतला पिंपळ आहे, कंपाउंडच्या भिंतीवरची खार आहे, पावसाळ्यातली गोगलगाय आहे. सलीम अली लहानपणी एक वेगळीच दिसणारी चिमणी घेऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तिथल्या मिलार्डसाहेबांनी त्यांना वाटेला लावले नाही. पक्षी ओळखून दिला, संग्रहाची कपाटे उघडून दाखवली. पुढे भारताला केवढा पक्षितज्ज्ञ मिळाला! आपल्या घरी सलीम अली घडेलच असे नाही. पण मुलाने काही दाखवले, तर दोन मिनिटे वाकून बघणे आपल्यालाही जमावे.

परवा नातवाने मला दारातच अडवले. उंबऱ्यावर मुंग्यांची रांग होती. "आबा, थांब. मुंगी जाते," तो म्हणाला. दूध आणायला पाच मिनिटे उशीर झाला.