आखुं नाम

शिकायला निघताना : तापीकर

निकाल लागले की मला फोन येऊ लागतात. इतकी वर्षं हे सदर लिहितोय, त्यामुळे लोकांना वाटतं कटऑफ मीच ठरवतो. "भाऊ, ८२ टक्क्यांवर कुठं लागेल?" हा पहिला फोन. ॲडमिशन झालं की त्याच घरातून दुसरा येतो आणि या वेळी आवाज जरा खाली आलेला असतो. "तिकडं वातावरण कसं आहे?"

वातावरण हा आपल्याकडचा फार सोयीचा शब्द आहे. दंगल म्हणायला नको, हिंदू-मुसलमान म्हणायला नको, वातावरण म्हटलं की भागतं. पोरगी धुळ्याला मेडिकलला लागली की आईला ६ जानेवारी २०१३ आठवतो. मच्छीबाजारात हॉटेलच्या बिलावरून भांडण सुरू झालं आणि पोलिसांच्या गोळीबारात सहा तरुण गेले. पोरगा बडोद्याला निघाला की बापाला २००२ च्या दंगली आठवतात. बरं, हे विचारणारे आपण कोण? ज्या नंदुरबारात सप्टेंबर २०२४ मध्ये मिरवणुकीच्या दिवशी दगड उडाले, तिथले. बाहेरगावचा एखादा बाप आपली लेक इथल्या मेडिकल कॉलेजला धाडताना हाच प्रश्न कुणाला तरी विचारत असेल, हे आपल्या गावीही नसतं.

यंदाचा एक फोन मात्र वेगळा होता. पलीकडून आवाज आला, "राजू बोलतोय."

राजू हे त्याचं नाव नाही. ते मी ठेवलेलं आहे, आणि ते कसं ठेवलं हे सांगितल्याशिवाय मला या विषयावर तोंड उघडायचा अधिकार नाही.

१९९३ च्या जूनमध्ये आम्ही दोघं बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकायला निघालो. बारावी एकाच बाकावरून केलेली. त्याच्या वडिलांचं सायकल दुरुस्तीचं दुकान, माझे वडील कारकून. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, स्वतंत्र जिल्हा व्हायला १९९८ उजाडलं. जळगावचं विद्यापीठ अजून तीन वर्षांचं पोर होतं, आणि बडोद्याकडे रूळ जात होते. गुजरातीही आम्हाला परकी नव्हती. इथल्या बाजारपेठेतली उधारी-वसुली कितीतरी गुजरातीतच चालते, आणि ज्याच्या नावाने आपण दर ९ सप्टेंबरला डोकं टेकवतो तो हुतात्मा शिरीषकुमार मेहता गुजराती घरातलाच. वाटेत नवापूर लागतं. तिथलं स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. फलाटावर एक बाकडं असं आहे की दोघं शेजारी बसले तरी दोन राज्यांत बसतात. त्या सीमेवर कुणी नाव विचारत नाही.

सुरतेत सहाच महिन्यांपूर्वी, डिसेंबर ९२ मध्ये, जी दंगल झाली होती ती सगळ्यांना माहीत होती. गाडीत बसवताना आई म्हणाली, "सुरतेला गाडी बदलताना कुणाशी बोलत बसू नको." त्याच्या आईनेही त्याला हेच बजावलं होतं. फक्त 'कुणाशी' म्हणजे कुणाशी, ते दोन घरांत वेगवेगळं होतं.

खोली दाखवणारा दलाल सयाजीगंजात पानाच्या टपरीला टेकून बसायचा. मांडीवर लाल वही. "नाम?" मी माझं नाव सांगितलं. "आखुं नाम." आखुं म्हणजे सगळं, आडनावासकट. मी सांगितलं, त्याने लिहून घेतलं. मग याच्याकडे वळला. याने आखुं नाम सांगितल्यावर त्याने पेनाला टोपण लावलं. "आनुं जोवुं पडशे," म्हणाला. याचं बघावं लागेल. आवाज चढला नाही, तोंड वाकडं झालं नाही. उलट आम्हा दोघांना चहा पाजला. त्या चहाचे पैसे देऊ केले तर त्याला वाईटही वाटलं. मला आजवर भेटलेल्या सज्जन माणसांत त्याचा नंबर वरचा लागेल, हीच तर अडचण आहे.

मला खोली मिळाली दांडिया बाजारात, एका मराठी आजींच्या वाड्यात. गायकवाडांच्या अमदानीत तिकडे जाऊन रुजलेली ही घरं. आजींनी माझं गाव विचारलं, आडनाव विचारलं, श्रावणात काय खातोस ते विचारलं आणि किल्ली दिली. त्याला याकुतपुऱ्यात लांबच्या नात्यातल्या एका घराचा माळा मिळाला. पहिल्या रविवारी तो माझ्याकडे आला. आजी जिन्यातून ओरडल्या, "कोण आलंय रे?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "मित्र आहे आजी. राजू."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग चपला काढून आत आला.

तीन वर्षं राजूने आजींचा दिवाळीचा चिवडा खाल्ला. त्यांचा गॅस सिलिंडर जिन्यावरून वर चढवला, रात्री दहाला औषधाच्या दुकानात जाऊन आला. माझ्यापेक्षा आजींचा जीव त्याच्यावर जास्त होता. मी त्याला सांभाळून घेतलं अशी माझी बरीच वर्षं समजूत होती. मी माझी खोली सांभाळली.

या शहरात दुसऱ्याच्या नावाने राहायची ती काही पहिली वेळ नव्हती. सप्टेंबर १९१७ मध्ये डॉ. आंबेडकर बडोद्यात उतरले. कोलंबिया आणि लंडन करून आलेले, सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर शिकलेले, करारापोटी त्याच संस्थानात नोकरीला रुजू व्हायला आलेले. राहायला जागा नाही. हिंदू खानावळीत जात विचारतील म्हणून ते पारशी धर्मशाळेत गेले. ती फक्त पारशांसाठी होती. रखवालदाराने तोड काढली आणि वहीत पारशी नाव पडलं. रोजचा दीड रुपया. अंधाऱ्या दालनात एकटेच दिवस काढले. अकराव्या दिवशी डझनभर पारशी काठ्या घेऊन जिना चढून आले आणि संध्याकाळपर्यंत जागा सोडायला सांगून गेले. एका हिंदू आणि एका ख्रिस्ती मित्राकडे विचारून झालं, दोघांनीही काढता पाय घेतला. मुंबईची गाडी रात्री होती. मधले तास त्यांनी कामाठी बागेत काढले. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आत्मकथनपर लेखनात हे सगळं त्यांनीच लिहून ठेवलंय. ज्या राजाने शिकायला पैसे दिले, त्याच्याच राजधानीत झोपायला खाट मिळाली नाही. राजाचा हुकूम घरमालकाच्या उंबऱ्यापाशी संपतो.

हे मी आजच्या प्रश्नाला जोडतोय, कारण 'वातावरण कसं आहे' असं विचारताना आईबापांच्या डोळ्यापुढे तलवारी असतात, जळणारी दुकानं असतात. ते घडलेलं आहेच. बडोद्यातच १ मार्च २००२ ला हनुमान टेकरीच्या बेस्ट बेकरीत १४ माणसं मारली गेली, आणि सर्वोच्च न्यायालयाला तो खटला मुंबईत चालवायला लावावा लागला. २००६ मध्ये एका दर्ग्याच्या पाडकामावरून पुन्हा पेटलं. पण शिकायला गेलेल्या पोराच्या वाट्याला दंगल रोज येत नाही. रोज येते ती लाल वही.

गुजरातेत या वहीला कायद्याची पाठराखण मिळालेली आहे. तिकडे त्याला अशांत धारा म्हणतात, आजचा कायदा १९९१ चा. हेतू चांगला होता. दंगलीनंतर घाबरलेल्या माणसाचं घर कुणी मातीमोलाने लाटू नये, म्हणून अधिसूचित भागात मालमत्तेच्या व्यवहाराला कलेक्टरची परवानगी लागू झाली. दंगल ओसरली, अधिसूचना मात्र मुदतीमागून मुदत वाढत राहिल्या. घाबरलेल्याला राखायचा कायदा आता शेजार राखायला वापरला जातो. बडोद्यातच हरणी भागात सरकारी घरकुल योजनेत एका मुस्लिम बाईला २०१७ मध्ये घर लागलं. रीतसर, सोडतीत. जून २०२४ मध्ये तिथल्या रहिवाशांनी तिच्याविरुद्ध निवेदनं दिली, निदर्शनं केली, आणि त्यांच्या हातात कागद होता तो याच कायद्याचा. पोराच्या भाड्याच्या खोलीचा कागद कलेक्टरपर्यंत जातोच असं नाही. पण कायद्याने जे नकाशावर आखलं ते दलालाला तोंडपाठ असतं.

पुण्यात बसून यावर हसू नये. धडगावच्या एका पावरा मुलाला पुण्यातल्या घरमालकीणबाईंनी विचारलं होतं, "पावरा म्हणजे नक्की कोण?" नवापूरचा एखादा गावित गळ्यात क्रॉस घालून गेला की लोकांचा हिशोबच चुकतो. आखुं नाम सांगूनही पत्ता लागत नाही, मग "घरी काय खाता?" येतं. वही मराठीतही असते.

राजूच्या फोनकडे येतो. त्याच्या धाकट्याला बडोद्यात प्रवेश मिळाला, तबल्याला. विद्यापीठाची ही परफॉर्मिंग आर्ट्सची फॅकल्टी म्हणजे सयाजीरावांनी १८८६ मध्ये काढलेल्या गायनशाळेचा वारसा, आणि ती शाळा उभी केली मौलाबक्षांनी. ज्या गावात उस्ताद फैयाज खाँ दरबारगवई होते, ते हे गाव. त्यांची कबरही तिथंच आहे. २००२ च्या त्या दिवसांत तिचीही नासधूस झाली. कलाशाखेच्या मुख्य इमारतीवरचा घुमट विजापूरच्या गोलघुमटावरून सुचलेला आहे, हे आम्हाला तिथं तीन वर्षं काढून कुणी सांगितलं नव्हतं.

"तुझी ती दांडिया बाजारवाली म्हातारी आहे का अजून?" त्याने विचारलं. आजी कधीच गेल्या, वाड्याच्या जागी दुकानं आहेत. "मग पोराला काय सांगू? राजू सांगू का नाव?" आणि तो हसला. त्याच्या हसण्यात मला अजून हिशोब ऐकू येतो.

आपल्या अक्कलकुव्यात हजारो पोरं देशाच्या कानाकोपऱ्यांतून येऊन राहतात, जामिया इस्लामिया इशाअतुल उलूममध्ये. मौलाना गुलाम मोहम्मद वस्तानवींनी ती १९७९ मध्ये सुरू केली. मदरसा म्हणून सुरुवात झाली, पुढे फार्मसी कॉलेज आलं, आयटीआय आलं. २०११ च्या जानेवारीत हेच वस्तानवी देवबंदच्या दारुल उलूमचे मोहतमिम, म्हणजे प्रमुख, झाले आणि जुलैत त्यांना काढलं गेलं. कारण काय, तर गुजरातेत मुसलमानांची प्रगती होतेय, २००२ मागे टाकून पुढं जायला हवं, अशा अर्थाचं ते एका मुलाखतीत बोलले. मला त्यांचं म्हणणं पटलं नव्हतं, आणि त्यांना त्यासाठी काढणं तर त्याहून पटलं नव्हतं. राजूचं मत तेव्हा एका ओळीचं होतं. "मौलाना म्हणतात विसरा. मी विसरलो तरी खोलीवाला विसरतो का?" आज अक्कलकुव्यात ट्रंक घेऊन एसटीतून उतरणाऱ्या पोराच्या आईनेही निघताना कुणाला तरी विचारलेलं असणार, नंदुरबारकडे वातावरण कसं आहे. त्या पोराला एक सुख आहे. त्याची खाट आधीच ठरलेली आहे.

तेच मला इतकी वर्षं या सदरातून मागायचं होतं आणि मी करिअरच्या वाटा सांगत बसलो. प्रवेशपत्रासोबत खाट द्या. आपलं सरकार काय देतं? पैसे. अनुसूचित जातींच्या मुलांना वसतिगृह मिळालं नाही तर स्वाधार योजना, आदिवासी मुलांना स्वयंम. मोठ्या शहरात वर्षाला ६० हजारांपर्यंत. ज्या जिल्ह्यात दर दहापैकी जवळपास सात माणसं आदिवासी, तिथल्या पोरांना हे पैसे मोलाचे आहेत, मी त्यांना नावं ठेवणार नाही. पण स्वाधारला नाव दिलंय डॉ. आंबेडकरांचं. दीड रुपया रोज त्यांच्याही खिशात होता हो. पैशांनी खोली मिळाली असती तर कामाठी बागेत बसायची वेळ कशाला आली असती?

वसतिगृह म्हणजे सगळं आलबेल, असंही नाही. १६ मार्च २०२४ च्या रात्री अहमदाबादेत गुजरात विद्यापीठाच्या वसतिगृहात शिरून जमावाने नमाज पढणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांना मारलं, काहींना दवाखान्यात न्यावं लागलं. तरी तिथं निदान पोलिसांत तक्रार झाली, माणसं धरली गेली, विद्यापीठाला तोंड द्यावं लागलं. टपरीवरच्या दलालाने पेनाला टोपण लावलं तर तक्रार कुठं करणार? त्याने तर चहा पाजलेला असतो.

राजूला मी सांगितलं, पोराला म्हणावं आखुं नाम सांग. सांगायला माझं काय जात होतं? खोली त्याला शोधायची होती. पंधरा दिवसांनी मीच फोन केला. वसतिगृहाच्या यादीत नंबर आला नव्हता. पोरगा चार ठिकाणी फिरला, चारही ठिकाणी नाव पुरं सांगितलं. तीन ठिकाणी माणसं फार चांगली होती म्हणे. चौथी खोली मिळाली ती तांदळज्यात, म्हणजे मुसलमान वस्तीतच. फॅकल्टीला जायला दोन रिक्षा बदलाव्या लागतात. गर्दीच्या वेळी शेअर रिक्षात डग्गा पायाशी ठेवता येत नाही, म्हणून तो मांडीवर घेऊन बसतो.