राजवाडे आता येणार नाहीत

मध्यंतरी एका दिवंगत स्नेह्यांच्या घरी गेलो होतो. निवृत्तीनंतर ते कॉम्प्युटर शिकले आणि भाच्याने करून दिलेल्या छोट्याशा वेबसाइटवर आपल्या आठवणी टंकून ठेवू लागले. मजकूर सगळा पासवर्डने कुलूपबंद. तो पासवर्ड कोणालाच न सांगता ते गेले. वहिनी म्हणाल्या, "सर, तुम्हाला काही सुचतंय का? गावाचं नाव, मुलांच्या जन्मतारखा, सगळं घालून पाहिलं." मलाही काही सुचले नाही.

मी भाच्याला जरा रागानेच विचारले, "अरे, प्रोग्रॅम तू लिहिलास ना? मग तुलाच कसा उघडत नाही?" त्याने शांतपणे समजावले. प्रोग्रॅम पासवर्ड कुठेच साठवत नाही. आपण टंकलेल्या शब्दात तो 'सॉल्ट' म्हणजे मीठ मिसळतो. हे मीठ म्हणजे यदृच्छेने निवडलेली अक्षरे. त्यामुळे दोघांचा पासवर्ड एकच असला तरी किल्ल्या वेगळ्या होतात. मग ते मिश्रण लाखो वेळा घुसळून किल्ली तयार होते. २००० सालच्या शिफारशीत किमान १००० वेळा घुसळा असे होते. २०२३ साली पीबीकेडीएफ२ या पद्धतीसाठी ६ लाख वेळा सांगितले गेले. कारण एवढेच, की चोराला प्रत्येक अंदाजासाठी तेवढेच कष्ट पडावेत. त्या किल्लीने एईएस पद्धतीचे कुलूप लागते. शक्य किल्ल्यांची संख्या ७८ आकडी! पासवर्डच सोपा असेल तर अंदाजाने सापडेल, नाहीतर नाही.

हे ऐकताना मला महानुभावांची सकळ लिपी आठवली. पंथाचे ग्रंथ त्यांनी सांकेतिक लिप्यांत लिहून ठेवले आणि कित्येक शतके ते बाहेरच्यांना वाचता आले नाहीत. विसाव्या शतकाच्या आरंभी इतिहासाचार्य वि. का. राजवाड्यांनी त्या लिपीची किल्ली उलगडली, आणि जुन्या मराठी गद्याचा केवढा तरी ठेवा उजेडात आला. हे जमले, कारण एका अक्षराच्या जागी दुसरे अक्षर हीच मुख्यतः तिथली युक्ती. गुपित पद्धतीत होते. पद्धत कळली की सगळे कळले.

आजचा प्रकार उलटा. पद्धत कोणीही वाचावी, गुपित फक्त किल्लीत. केर्कहॉफ्स नावाच्या भाषाशिक्षकाने हे तत्त्व १८८३ सालीच मांडले होते. (भाषाशिक्षक म्हटल्यावर मला जरा बरे वाटले!) पण याचा अर्थ असाही, की आपण किल्ली हरवली तर कितीही व्यासंगी राजवाडे आले तरी हात हलवत परत जातील.

मग प्रोग्रॅम लिहिणाऱ्याने एक चोरदरवाजा ठेवावा का? वहिनींकडे पाहून क्षणभर वाटले, ठेवावा. पण नाही. मागे एका ठिकाणी मी 'पासवर्ड विसरलो' असे कळवले, तर त्यांनी माझा जुनाच पासवर्ड जसाच्या तसा ईमेलने पाठवला. तेव्हा मला ती सोय वाटली होती. आता कळते, की माझा पासवर्ड तिथे वाचता येईल अशा रूपात पडून होता आणि तिथला कोणीही तो पाहू शकत होता. खरे तर ओळख पटवण्यापुरता पासवर्ड लागत असेल, तर त्याचा एकेरी 'हॅश' ठेवला म्हणजे पुरते. त्यावरून मूळ शब्द परत काढता येत नाही. माझ्यासाठी ठेवलेल्या चोरदरवाजातून चोरही येणारच.

तेव्हा माझे मत असे: कुलूप पक्केच हवे, आणि किल्लीची जबाबदारी आपली. आम्हा म्हाताऱ्यांना सगळे सांगतात, पासवर्ड कुठेही लिहू नका. मी म्हणतो, लिहा. चांगल्या कागदावर, सुवाच्य अक्षरात. पाकिटात घालून मृत्युपत्राशेजारी कपाटात ठेवा आणि घरातल्या एका विश्वासू माणसाला सांगा. कपाटापर्यंत पोचणारे चोर थोडे असतात; इंटरनेटवर सारे जग दाराशी उभे असते.

वहिनींनी ती फाईल पुसू दिलेली नाही. आठवेल तो शब्द त्या अजून वहीत लिहून ठेवतात आणि भाचा आला की घालून पाहायला लावतात.

मी मात्र त्याच रात्री घरी येऊन पाकीट तयार केले.