'बिबट्या दिसला, पुढे पाठवा': जुन्नर-आंबेगावात बातमी गावभर कशी फिरते आणि त्याने काय बदलतं?

"सावधान. कॅनॉलजवळ बिबट्या फिरतोय. लहान मुलांना बाहेर सोडू नका. पुढे पाठवा."

जुन्नर, आंबेगाव, खेड किंवा शिरूर तालुक्यात तुमचं कुणी राहत असेल, तर असा मेसेज तुमच्याही फोनवर येऊन गेला असेल. त्यात बहुतेकदा गावाचं नाव नसतं. व्हिडिओ कधीचा आहे हेही नसतं. आणि कॅनॉल तर या भागात दर दुसऱ्या गावातून जातो.

पुण्या-मुंबईत बसून हा व्हिडिओ बघणाऱ्यासाठी ती अर्ध्या मिनिटाची करमणूक असते. मळ्यात राहणाऱ्या माणसासाठी त्या मेसेजवर बरंच काही ठरतं. पहाटे डेअरीवर दूध घालायला एकट्याने जायचं की नाही, रात्रीच्या लाईटीला उसाला पाणी द्यायचं की नाही, मुलगी क्लासवरून अंधार पडल्यावर परत येणार असेल तर तिला आणायला कोण जाणार. त्यामुळे बिबट्याची बातमी गावात कशी फिरते, हा प्रश्न इथे जगण्या-मरण्याचा आहे.

२०२५ च्या ऑक्टोबरमध्ये काय झालं?

१२ ऑक्टोबर ते २ नोव्हेंबर २०२५ या तीन आठवड्यांत पिंपरखेड आणि शेजारच्या जांबूत परिसरात बिबट्याच्या हल्ल्यात तीन जणांचा जीव गेला. एक ५ वर्षांची मुलगी, एक वयोवृद्ध आजी आणि एक १३ वर्षांचा मुलगा. पिंपरखेड शिरूर तालुक्यात येतं, पण त्याचा वनविभाग जुन्नरचा आणि विधानसभा मतदारसंघ आंबेगावचा. बिबट्यालाही तालुक्याची हद्द कळत नाहीच.

तिसऱ्या मृत्यूनंतर लोकांचा संयम संपला. वनविभागाची गाडी पेटवण्यात आली. दुसऱ्या दिवशी मंचरजवळ पुणे-नाशिक महामार्ग तासन् तास अडवून धरला गेला. ४ नोव्हेंबरच्या रात्री नेमबाजांनी पिंपरखेड परिसरात एका नर बिबट्याला ठार केलं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार बिबट्या पहिल्या अनुसूचीत येतो, म्हणजे त्याला वाघाइतकंच संरक्षण आहे. माणसाच्या जिवाला धोका असेल तर त्याला मारण्याची परवानगी फक्त राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. तहसीलदार, पोलीस किंवा आमदार यांच्यापैकी कुणाच्याही सहीने ते होत नाही.

त्यानंतर गावातल्या बायका-माणसं गळ्यात खिळे लावलेले पट्टे घालून शेतात जातानाचे व्हिडिओ देशभर फिरले. बिबट्या मानेला पकडतो म्हणून हा उपाय. मेंढपाळाच्या कुत्र्याच्या गळ्यात असा पट्टा पिढ्यान् पिढ्या असतो, तो आता माणसाच्या गळ्यात आला. अनेकांनी त्यावर हसरे इमोजी टाकले. हसण्यासारखं त्यात काय होतं हे कळायला अवघड आहे.

इतके बिबटे इथेच का?

उत्तर उसात आहे. आणि ऊस धरणांमुळे आहे.

जुन्नर आणि आंबेगावचा पश्चिम भाग म्हणजे सह्याद्री. भीमाशंकर, नाणेघाट, भाताची खाचरं, धो-धो पाऊस. पूर्वेकडे सरकत गेलं की पाऊस कमी होत जातो आणि शिरूरच्या बाजूला तर पूर्वी बाजरी, मटकी आणि माळरानच होतं. कुकडी प्रकल्पाने हे चित्र बदललं. माणिकडोह, येडगाव, वडज, पिंपळगाव जोगे आणि घोड नदीवरचं डिंभे, या पाच धरणांचं पाणी कालव्यांनी पूर्वेला गेलं. माळरानावर ऊस उभा राहिला. जुन्नरला विघ्नहर आणि आंबेगावात भीमाशंकर हे सहकारी साखर कारखाने चालू लागले.

ऊस शेतात वर्षभर, आडसाली असेल तर दीड वर्ष उभा असतो. आत दाट सावली, जवळच पाणी, माणसाचा वावर जवळपास नाही. बिबट्याच्या मादीला पिल्लं घालायला यापेक्षा चांगली जागा सापडणार नाही. उसात जन्मलेल्या बछड्याने डोंगरातलं जंगल कधी बघितलेलंच नसतं. त्यामुळे 'बिबट्या जंगलातून गावात घुसला' हे वाक्य बातम्यांत रोज येत असलं, तरी या भागातल्या अनेक बिबट्यांना ते लागू होत नाही.

खायला काय? शेजारच्या अकोले तालुक्यात वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी बिबट्यांच्या विष्ठेचा अभ्यास केला होता. त्यांच्या भक्ष्याच्या वजनात ८७ टक्के वाटा पाळीव आणि गावात राहणाऱ्या जनावरांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा वाटा ३९ टक्के होता. वस्तीवरचा उकिरडा, त्यावर जगणारी कुत्री आणि कुत्र्यांमागे येणारा बिबट्या अशी ही साखळी आहे.

मेसेज आल्यावर पुढे काय होतं?

पूर्वी वस्तीवर कुणी बिबट्या बघितला तर तो ओरडून शेजारच्या मळ्याला सांगायचा. फटाके वाजायचे, डबे बडवले जायचे. आता पहिलं काम मोबाईल काढण्याचं. व्हिडिओ वस्तीच्या ग्रुपवर जातो, तिथून गावाच्या, तिथून तालुक्याच्या, मग एखाद्या स्थानिक पेजवर, आणि तोवर ठिकाण-वेळ गळून गेलेली असते.

यानंतरचा टप्पा सहसा असा असतो. ग्रुपवर मागणी सुरू होते की पिंजरा लावा. सरपंच वनविभागाला फोन करतात, पुढारी निवेदन देतात, त्याचा फोटोही ग्रुपवर येतो. पिंजरा लागतो. त्यात एक बिबट्या अडकतो आणि सगळे सुटकेचा श्वास सोडतात.

अडकलेला बिबट्या तोच होता का, हा प्रश्न मात्र मागे राहतो. पिंजऱ्यातल्या शेळीकडे येणारा बिबट्या हा फक्त त्या रात्री तिथून जाणारा बिबट्या असतो. माणसावर हल्ला करणारा एक आणि नुसता बांधावरून चालत जाणारा दुसरा, यांतला फरक पिंजऱ्याला कळत नाही. आणि जागा रिकामी झाली की शेजारचा तरुण बिबट्या तिथे येतो. नवा इलाखा, माणसांची सवय नाही, कुठून कधी माणसं जातात हे माहीत नाही.

हा अंदाज नाही, जुन्नरने याची किंमत एकदा मोजलेली आहे. २००१ ते २००३ या काळात इथे वस्तीजवळ पकडलेले बिबटे सरासरी ४० किलोमीटरवरच्या जंगलात सोडले गेले. अत्रेय यांच्या गटाने २०११ मध्ये 'कॉन्झर्वेशन बायोलॉजी' या नियतकालिकात त्याचा हिशेब मांडला. आधी माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत होते, ते १७ वर गेले. जीवघेण्या हल्ल्यांचं प्रमाण १८ टक्क्यांवरून ३६ टक्के झालं. त्याच सुमारास माणिकडोहला बिबट निवारा केंद्र उभं राहिलं. आज ते वनविभाग आणि 'वाइल्डलाइफ एसओएस' ही संस्था मिळून चालवतात. पण निवारा केंद्रातले पिंजरे मोजके असतात आणि उसाचं क्षेत्र अफाट.

याचा अर्थ पिंजरे लावूच नयेत असा नाही. जिथे माणसाचा जीव गेला तिथे पिंजरा लागलाच पाहिजे. पण 'दिसला' आणि 'हल्ला केला' या दोन बातम्या ग्रुपवर एकाच आवाजात येतात, आणि वनविभागाची तुटपुंजी माणसं दोन्हीकडे सारखीच पळवली जातात. त्यात खरी गरज कुठे आहे ते हरवतं.

खरा, जुना की बनवलेला?

२०२५ च्या अखेरीस आणखी एक डोकेदुखी वाढली: एआयने बनवलेले बिबटे. सोसायटीच्या जिन्यात बसलेला बिबट्या, चहाच्या टपरीवरचा बिबट्या. पुण्यात बिबट्या दिसल्याच्या बातम्यांबरोबर अशा चित्रांचा पूर आला आणि वनविभागाला खुलासे करावे लागले. शहरात त्यातून गंमत आणि थोडी घबराट झाली. मळ्यात होणारं नुकसान वेगळं आहे. दहा खोट्या मेसेजनंतर अकरावा खरा आला की लोक तो उघडतही नाहीत.

बनवलेल्या चित्राशिवाय साधी गफलतही होते. या भागात तरस आहे, रानमांजर आहे. अंधारात बॅटरीच्या उजेडात चमकलेले डोळे कुणाचे हे सांगणं सोपं नाही. सकाळी ठसा बघून मात्र बरंच कळतं. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, त्यामुळे त्याच्या ठशात नखं उमटत नाहीत. कुत्रा आणि तरस यांच्या ठशात ती उमटतात. ठशाशेजारी काडेपेटी ठेवून फोटो काढला तर वनरक्षकाला आकारही समजतो. असा एक फोटो, जागेच्या नावासह, पन्नास फॉरवर्डपेक्षा कामाचा. वनविभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.

आणि व्हिडिओ पुढे पाठवण्याआधी तीन गोष्टी त्यात आहेत का बघा: गाव, वस्ती आणि वेळ. नसतील तर पाठवणाऱ्याला विचारा. त्यालाही माहीत नसेल, तर तो मेसेज तुमच्याजवळच थांबलेला बरा.

ऊसतोडीच्या दिवसांत, साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत, फडात बछडे सापडल्याचे फोटो येतात. मांडीवर घेऊन काढलेले सेल्फीही येतात. हे सगळ्यात धोकादायक. आई जवळच असते. बछडे जागेवर ठेवून तोड थांबवली आणि वनविभागाला कळवलं, तर रात्री मादी येऊन त्यांना घेऊन जाते. जुन्नर भागात वनविभाग आणि माणिकडोहच्या पथकाने अशा अनेक भेटी घडवल्या आहेत. बछडे नाहीसे झाले, तर चवताळलेली मादी त्याच शिवारात शोधत फिरते आणि दुसऱ्या दिवशी तिथेच कुणीतरी पाणी धरायला गेलेलं असतं.

ज्यांच्यापर्यंत मेसेज पोचतच नाही

गावाच्या ग्रुपवर गावचे लोक असतात. मुंबईला गेलेले चाकरमानीही असतात. पण उसाच्या फडाशेजारी कोपी टाकून राहणारा तोडणी मजूर त्यात नसतो. तो बीडकडून किंवा नगरच्या पूर्व भागातून आलेला, चार महिन्यांनी जाणार. मोकळ्या रानात वाडा बसवलेला मेंढपाळ नसतो. त्याचं तान्हं मूल रात्री उघड्यावर, मेंढरांच्या शेजारी झोपलेलं असतं. दार नसलेल्या घरात राहणाऱ्या या माणसांना बिबट्याचा धोका सगळ्यात जास्त आणि बातमी सगळ्यात उशिरा.

यावर एक जुनी, कमी चमकदार यंत्रणा उपयोगी पडू शकते. पुणे ग्रामीण भागात अनेक ठिकाणी ग्राम सुरक्षा यंत्रणा चालते. नोंदणी केलेल्या माणसाने ठराविक नंबरवर फोन करून बोललं की त्याचाच आवाज गावातल्या सगळ्या नोंदवलेल्या फोनवर एकाच वेळी कॉल म्हणून जातो. साध्या बटणांच्या फोनवरही. कोण बोललं हे कळतं, त्यामुळे अफवा सोडणं अवघड. मेख एकच: नंबर नोंदवलेला हवा. हंगामाच्या सुरुवातीला कारखान्याने आणि ग्रामपंचायतीने टोळीच्या मुकादमांचे नंबर त्यात टाकले, तर अर्धं काम होईल. याला ना निधी लागतो, ना केंद्राची परवानगी.

सरकार काय करतंय?

बरंच जाहीर झालंय. पुणे जिल्हा प्रशासनाने २०२५ मध्ये चार तालुक्यांतली २३३ गावं संभाव्य बिबट आपत्तीप्रवण म्हणून ठरवली. काही गावांत एआय कॅमेरे आणि सायरन लागले. शाळांच्या वेळा अशा बदलल्या की मुलं उजेडात घरी पोचतील. मादी बिबट्यांवर गर्भनिरोधाचा प्रयोग करण्यासाठी केंद्राची परवानगी मिळाली. वनमंत्री गणेश नाईक यांनी तर बिबट्यांनी गावात येऊ नये म्हणून जंगलात शेळ्या सोडण्याची कल्पना मांडली. उसात वाढलेला बिबट्या शेळी खायला डोंगर चढून जाईल का, हे त्या शेळीलाच विचारावं लागेल. डिसेंबरमध्ये नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा पोशाख घालून विधानभवनात आले. त्याचे मीम्स झाले, मागण्या मात्र दोन दिवसांत टाइमलाइनवरून खाली गेल्या.

गर्भनिरोधाचा परिणाम दिसला तरी तो काही वर्षांनी दिसेल. आज उसात असलेला बिबट्या त्याने कमी होत नाही.

आजच्या आज फरक पाडणारी मागणी गावं कित्येक वर्षं करत आहेत, ती म्हणजे शेतीला दिवसा वीज. थ्री-फेज लाईट पाळीपाळीने येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळी आली की शेतकरी बॅटरी घेऊन उसाच्या कडेने दारं मोडत फिरतो. वाकून. बसलेला किंवा वाकलेला माणूस बिबट्याला लहान जनावरासारखा दिसतो, असं वनविभागच सांगतो. सौर कृषी वाहिनी योजनेतून दिवसा वीज देण्याचं आश्वासन आहे, काही फीडरवर ती येऊही लागली आहे. तुमच्या गावाचा फीडर त्यात आहे का आणि नसेल तर कधी येणार, हे महावितरणच्या शाखा कार्यालयात विचारता येतं. हा प्रश्न ग्रुपवर क्वचितच कुणी टाकतं.