खिशातला रेक्टर

हॉस्टेलच्या गेटवरचं रजिस्टर आपल्या सगळ्यांच्याच डोक्यात जातं. नाव, रूम नंबर, कुठे चाललात, कधी येणार... "आम्ही काय शाळेतली पोरं आहोत का?" हे वाक्य फर्स्ट इयरपासून फायनलपर्यंत दर वर्षी ऐकू येतं. पण त्याच वेळी आपल्या खिशात दुसरं एक रजिस्टर गुपचूप भरत असतं, त्याबद्दल मात्र कुणी चकार शब्द काढत नाही!

एप्रिल २०११ मध्ये दोन संशोधकांनी आयफोनमधली एक फाइल उजेडात आणली. आसपासच्या टॉवर आणि वाय-फायच्या जागा, तारीख-वेळेसकट, जवळजवळ वर्षभराच्या! अॅपल म्हणाली, ही तुमची नोंद नव्हे. ठिकाण लवकर सापडावं म्हणून ठेवलेली यादी आहे. पण लोकेशन बंद केलं तरी फाइल भरतच होती, हा 'बग' असल्याचं त्यांनीही मान्य केलं. मे महिन्यात अपडेट आलं आणि वर्षाचे सात दिवस झाले. म्हणजे सात दिवसांत काम भागत होतं तर!

गूगलचीही तीच कथा. 'लोकेशन हिस्टरी' बंद केली तरी दुसऱ्या एका सेटिंगमधून जागा नोंदली जात होती, हे २०१८ मध्ये उघड झालं. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या ४० राज्यांशी ३९.१५ कोटी डॉलरला तडजोड झाली.

आता कुणी म्हणेल, "मला काय लपवायचंय?" अरे बाबा, लपवायचं काही नसलं तरी रूमचं दार आपण लावतोच ना! आणि 'नोंदीत नाव नसतं' हाही भाबडेपणाच. रोज रात्री अमुक विंगमध्ये आणि दिवसा तमुक लॅबमध्ये असणारा फोन कुणाचा, हे आपले वॉचमनकाकासुद्धा सांगतील.

नकाशाला जागा लागते, हरवलेला फोन सापडतो, हे सगळं मान्य. गेटवरचं रजिस्टरही रात्री कुणी परतलं नाही तर उपयोगी पडतंच. पण ते आपण स्वतःच्या हाताने भरतो, काय लिहिलं ते वाचू शकतो. खिशातल्या रजिस्टरचं तसं नाही.

खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सुप्रीम कोर्टाने २०१७ मध्ये सांगितलं. २०२३ मध्ये कायदाही झाला. पण उद्या असलं सॉफ्टवेअर लिहिणार कोण? आपल्यातलेच! तेव्हा 'एवढा डेटा कशाला हवा?' हा प्रश्न मीटिंगमध्ये विचारायची हिंमत आत्तापासूनच कमवूया. आणि तोवर, आज रात्री मेसमधून आल्यावर फोनच्या सेटिंगमध्ये कुठल्या अॅपला लोकेशन दिलंय, तेवढं तरी बघा!