डॉगीला कोकणात नेताय? आधी किनारा कुणाचा ते बघा

गाडीत तंबू, मागच्या सीटवर डॉगी आणि समोर समुद्र. प्लॅन भारीच! रेवस-रेडी सागरी महामार्गाचे खाडीपूल झाले, की फेरीबोटीची वाट बघणंही संपेल आणि किनाऱ्यांवर गर्दी वाढेल. पण ‘पेट फ्रेंडली’ पाटी बघून बुकिंग केलं, म्हणजे झालं का? ती पाटी मालकाच्या आवारापुरती असते. समोरची वाळू त्यात येत नाही.

वेळास, आंजर्ले, गुहागरला साधारण नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालतात. एका घरट्यात १००च्या आसपास! कुत्रे वासावरून ती उकरतात. म्हणूनच कासवमित्र पहाटे अंडी उचलून कुंपणातल्या हॅचरीत ठेवतात. भटका असो की तुमचा लाडका लॅब्राडोर, नाक सारखंच.

मग तंबू कुठे टाकायचा? वाळूवर नको, गावातली कुंपणाची वाडी शोधा. फोनवर दोन प्रश्न विचारा : आवाराला कुंपण आहे का? किनाऱ्यावर कासवं येतात का? दुसऱ्याचं उत्तर ‘हो’ असेल, तर डॉगी रात्री आवारातच आणि दिवसा पट्ट्यातच. गावाने वर्षानुवर्षं राखलेलं आपल्या एका वीकेंडने उकरायला नको.