लातूरची छोटी गाडी



परगावी मुखेडचे नाव सांगितले की समोरचा विचारतो, "म्हणजे ते जंक्शनच ना?" अहो, ते मुदखेड! एका 'द'ने आपली गाडी चुकवली. बोधनहून मुखेडवरून लातूर रोडला रेल्वे न्यावी, ही मागणी जुनी आहे. रूळ मात्र अजून नाहीत. म्हणून आज शेजारच्या लातूरला गाडी कशी आली ते सांगतो.

बार्शी ही कापसाची मोठी पेठ. पण मोठ्या लाइनीचे स्टेशन कुर्डुवाडीला, एकवीस मैलांवर. सारा माल बैलगाडीने जायचा. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज इंजिनिअरने तिथे अडीच फूट रुंदीची लाइन टाकली. रूळ हलके, खर्च बेताचा. हलक्या रुळावर जड माल कसा न्यायचा? त्याने एकेका आसावर पाच टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही, असे ठरवले आणि इंजिन-डबे त्याच मापाने करवले. तुम्हाला हे वेगळे सांगायला नको. भार एकाच चाकावर आला की गाडी रुतते, वाटून घेतला की निघते.

1897 साली गाडी बार्शीला पोचली. 1906 साली पंढरपूर, 1911 साली निजामाच्या मुलखातले लातूर, 1927 साली मिरज. वारकऱ्यांची सोय झाली, लातूरच्या आडतीलाही बाहेरची बाजारपेठ जोडली गेली.

पण स्वस्ताईची किंमत कुर्डुवाडीला मोजावी लागे. छोट्या गाडीतले पोते उतरवायचे, मोठ्या गाडीत चढवायचे. हमाली गेली, वेळ गेला, फाटक्या पोत्यातून सांडले ते वेगळेच. हा खर्च शेवटी कोणाच्या भावातून निघत असेल, ते शेतकऱ्याने ओळखावे. 1954 साली लाइन सरकारने घेतली, तरी लातूरचे रूळ रुंद व्हायला 2007-08 साल उजाडले. तेव्हा जुन्या मार्गाबाहेर राहिलेले धाराशिवही लाइनीवर आले.

त्या रुंदीचा उपयोग एप्रिल 2016 मध्ये कळला. लातूरचे नळ कोरडे पडले होते. मिरजेहून दहा वाघिणींची पहिली गाडी पाच लाख लिटर पाणी घेऊन निघाली, पंढरपूर-कुर्डुवाडीवरून थेट लातूरला आली. पुढे पन्नास वाघिणींच्या गाड्या आल्या. कुर्डुवाडीला पोती उतरवता येत होती. पाणी कसे उतरवले असते?

तशी गाडी मुखेडसाठी आणायची म्हटली, तर ती थांबणार लातूर रोडला, उदगीरला नाहीतर नांदेडला. पुढे टँकरच.

उद्या लाइनीची मोजणी करणारे तुमच्या बांधावर आले, तर जमिनीचा मोबदला विचारालच, विचारलाच पाहिजे. सोबत एवढेही विचारा: स्टेशन गावापासून किती लांब, आणि तिथे मालधक्का होणार की नाही?