ओट्याचे पैसे

दिवाळी अंकात काहीतरी गोडधोड लिहावे असा शिरस्ता आहे. पण आमच्या घरी यंदा फराळाच्या डब्यांपेक्षा एका लोखंडी डब्याचीच चर्चा फार. तेव्हा वाचकहो, त्याचीच हकीकत ऐका.

त्याचे असे झाले. आमच्या धाकटीने बरी चाललेली नोकरी सोडली आणि लग्नामुंजींचे चित्रण कापून, जोडून, सजवून देण्याचा व्यवसाय मांडला. कामे मिळू लागली. पण तिचा जुना लॅपटॉप दर कापाला अडून बसे. रात्री दोन वाजता बाहेरच्या खोलीत डोकवावे, तर मंगलाष्टके संपलेली, नवरानवरी माळा घेऊन ताटकळलेली आणि पडद्यावरचा अंतरपाट काही केल्या खाली येत नाही! एक काम वेळेवर गेले नाही आणि त्याचे पैसे बुडाले. आणखी एक तसे गेले असते, तर पोरीला पुन्हा नोकरीचे अर्ज लिहावे लागले असते.

माझ्याजवळ एक लाख रुपये होते. होते म्हणजे, स्वयंपाकघराचा ओटा नवा करण्यासाठी सौ.ने पाच वर्षे साठवले होते. मी भीतभीत विषय काढला. ती म्हणाली, "ओट्याला नुसता तडा गेलाय, पोरीचं काम अडलंय. न्या ते पैसे. पण अहो, भांडं घेताना झाकण बसतं का ते आधी बघा."

२०२५ च्या फेब्रुवारीत आम्ही बापलेक डोंबिवलीहून निघालो आणि दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो. लॅमिंग्टन रोडवरच्या एका दुकानदाराने मला पाहताच खोके पुढे केले. "साहेब, घ्यायचा तर कोअर आय-९ घ्या. १४९०० केएफ. चोवीस कोअर! बोर्ड काय, साधा चालेल." मला तत्काळ पटले. लग्नातल्या शालूपासून आजतागायत माझा एकच सिद्धांत आहे : महाग तो माल चांगला.

धाकटी म्हणाली, "बाबा, माझं काम नेमकं कुठे अडतं, ते कुणी विचारलंच नाही."

मग तिने मला तिथेच समजावले. कॅमेरा प्रत्येक चित्र पुरते साठवत नाही. मधूनमधून एक अख्खे चित्र ठेवतो आणि मधल्या चित्रांत काय बदलले तेवढेच टिपतो. आपण मध्येच कापायला गेलो, की संगणकाला मागचे अख्खे चित्र गाठून तिथपासून सगळे पुन्हा उभे करावे लागते. त्यातून तिच्या कॅमेऱ्याचे चित्रण दहा बिटांचे, ४:२:२ जातीचे. म्हणजे उजेड प्रत्येक बिंदूचा, तर रंग दर दोन बिंदूंमागे एकाचा. असल्या चित्रणाची उकल करणारा खास भाग इंटेलच्या अलीकडच्या प्रोसेसरांत, त्यांच्या अंगच्या ग्राफिक्समध्येच असतो. त्याला क्विक सिंक म्हणतात. आणि नावाच्या शेवटी 'एफ' असला, की ते अंगचे ग्राफिक्सच बाद! पुढ्यातल्या खोक्यावर तो एफ ठसठशीत छापलेला होता. चोवीस कोअर घरी आणून अंतरपाट पुन्हा अडलाच असता.

तिने घेतला कोअर आय-५ १४५००. चौदा कोअर, पण अंगच्या ग्राफिक्ससकट. मला तो जरा गरीब वाटला. वाचलेल्या पैशांतून मात्र तिने बोर्ड चांगला घेतला. तेव्हा मला सौ.चे झाकण आठवले. या प्रोसेसरची बैठक १७०० टाचण्यांची, २०२१ साली निघालेली. एएमडीची एएम-५ बैठक १७१८ टाचण्यांची आणि इंटेलचीच २०२४ सालची नवी मालिका १८५१ वाली. एकाचे दुसऱ्याला मुळीच बसत नाही.

"बोर्डावर एवढा खर्च कशाला?" मी विचारले.

"पुढे कामं वाढली, तर याच बैठकीत वीस कोअरचा आय-७ १४७०० बसेल. तो जोरात चालला की २१९ वॉटपर्यंत वीज ओढतो. साध्या बोर्डाला तो भार झेपायचा नाही. शिवाय एसएसडीच्या दोन जागा हव्यात, एक कामाच्या प्रणालींना, एक चित्रणाला. बाबा, प्रोसेसर दहा मिनिटांत बदलता येतो. बोर्ड बदलायचा म्हणजे सगळं बिऱ्हाडच हलवायचं."

दुकानदाराने मान डोलावली आणि एफवाले खोके मुकाट्याने फळीवर ठेवले. २०२४ साली इंटेलच्या तेराव्या आणि चौदाव्या पिढीतले काही प्रोसेसर जादा व्होल्टेजमुळे बिघडत होते. त्यावरचा उपाय असलेले ताजे बायोसही तिने त्याच्याकडूनच बोर्डात भरून घेतले.

लाखातले बारा हजार उरले. ते मी सौ.च्या हाती दिले. तिने मोजले नाहीत, डब्यात टाकले.

आता अंतरपाट वेळेवर खाली येतो. धाकटी रात्री अकराला झोपते. परवा स्वतःच्या कमाईचे पैसे घेऊन ती आईला ओट्याचे दगड पाहायला घेऊन गेली. मीही गेलो. सौ.ने दुकानदाराला पहिलाच प्रश्न विचारला, "वरचा ग्रॅनाइट राहू द्या, खालचे कडप्पे किती जाड?"

मी सवयीने सर्वांत महागड्या, चकचकीत दगडाकडे बोट दाखवले. मायलेकींनी तिकडे पाहिलेसुद्धा नाही.